कोरडी बावी

सुष्मा : हात लावून तरी बघ, आई. गच्चीचा पावसाळी पाइप गळतो तिथली वरची माती बसली, नि खड्ड्याच्या तळातून काढलेली ही बघ, अजून पिठासारखी! अशी भरली कुणी ही विहीर, ही बावी?

अंबुबाई : तुझ्या अप्पांनी. पुरे आता. फरशी घालून घे नि सुम्ने, गप बस.

सुष्मा : तिसऱ्यांदा? दर पावसाळ्यात खोली इथंच गोल खचते. स्पंदनाचा पलंग आहे इथं! गावभरच्या घरांखालची माती तपासत फिरते मी, नि माझीच लेक...

अंबुबाई : अय्यो, ओरडू नको. ती ऐकतेय.

सुष्मा : कोण?

अंबुबाई : तुंगा. तुझी अक्का. पावसात कूस बदलते ती, म्हणून बसते जमीन.

सुष्मा : अक्का ह्या बावीत गेली? तापानं गेली म्हणालात की!

अंबुबाई : तू पोटात होतीस. इथं हूटगळ्ळीत तेव्हा सगळं शेतच, होय की नाही, अल्वा? लिंबू पडलं पाण्यात, ते काढायला वाकली. पुढच्या उन्हाळ्यात बावी आटली, तेव्हा अप्पांनी बुजवली.

सुष्मा : आई गं... पण ही अक्का नव्हे. कोरडे कण एकमेकांना अडून राहतात, कितीही ठोकलं तरी मधे पोकळी उरते. नंतर पाणी मुरलं की सगळं खाली बसतं. भरतानाच पाणी शिंपडलं असतं तर कण सरकून घट्ट झाले असते. अप्पा रस्त्याच्या कामावर मुकादम, त्यांना ठाऊक नव्हतं?

अंबुबाई : होतं की. घागर भरून आणली होती त्यांनी. मीच आडवी पडले. पोरीच्या नाकातोंडातलं पाणी ह्या हातांनी काढलं गं मी. वर आणखी ओतू देईन?

सुष्मा : ...आता पाणी घालावंच लागेल, आई. चिखल होईल इतकं नाही. रव्याच्या लाडवासारखी मूठ वळली की बास. एकेक थर घालायचा, शिंपडायचं, धुम्मसानं ठोकायचं.

अंबुबाई : मग हलायची नाही ती?

सुष्मा : नाही. कधीच नाही.

अंबुबाई : तेवढंच उरलं होतं गं माझ्याकडं. पाऊस लागला की वाटायचं, आहे पोर.

सुष्मा : स्पंदना निजते इथं.

अंबुबाई : ठाऊक आहे. म्हणून तर डोळा लागत नाही माझा... बरं. निजू देत दोघी. आण पाणी.

सुष्मा : तू आत जा. मी घालते.

अंबुबाई : नको, बसते इथंच. हळू घाल हं, सुष्मा. तिला लगेच ठसका लागायचा.