आठ कॉलरींचा फ्रॉक

नाही, तयार नाही तुमचा फ्रॉक — आणि त्या भिंतीला टेकू नका बाई, खडू लागेल कपड्यांना. पुसत का नाही? राहू दे. रोज बघते मी ती रेघ, रोज शिसारी येते, तरी पुसत नाही. बसा त्या स्टुलावर. शर्टांचा गठ्ठा सरकवा, पडला तरी चालेल — शर्ट म्हटलं की हल्ली नकोसं होतं मला.

रेघ आमच्या धाकट्या दिराची. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, सगळे त्याला प्राध्यापक म्हणतात, बायकोसुद्धा. शाळेच्या शर्टांची मोठी ऑर्डर आली तेव्हा आला, आमचाच खडू उचलला नि भिंतीवर उभी रेघ — हे शर्ट, आडवी रेघ — हे भरतकामाचे फ्रॉक, आणि दोन्हींना जोडणारी ही कमान, पोट सुटल्यासारखी. म्हणाला, वहिनी, माणसं तेवढीच, मशिनी तेवढ्याच, जास्तीत जास्त जे निघेल ते या कमानीवर. शर्ट वाढवायचे तर फ्रॉक सोडावे लागतील, आणि सोडलेले फ्रॉक हीच शर्टांची खरी किंमत. वर म्हणतो, तुम्ही तर कमानीच्याही आत आहात, म्हणजे कुणीतरी हात राखून काम करतंय. कोण करतंय? मी नुसतं खिडकीकडे बघितलं.

खिडकीत आमच्या थोरल्या जाऊबाई बसायच्या. तीस वर्षं तीच जागा, दुकानातला सगळ्यात चांगला उजेड — तुमचा फ्रॉक त्यांच्याच हातात होता. दोन दिवसांत एक फ्रॉक, त्यातही मधेच सुई थांबवून बाहेर बघत राहायच्या. आता मला सांगा, दुकान मी चालवायचं, गिऱ्हाइकांची बोलणी मी खायची, आणि येणारी प्रत्येक बाई विचारणार — थोरल्या आहेत का? तुम्हीही तेच विचारलंत आज, पायरी चढायच्या आधी. राग नाही हो, सांगते आपलं.

आधी मी काजं-बटणं करणारीला शर्टांवर बसवलं. तिला काय, काज फ्रॉकाचं काय नि शर्टाचं काय — शर्ट भराभर वाढले, फ्रॉक जेमतेम एखादा कमी झाला. मग इस्त्रीवाल्याला हलवलं, तेही जमून गेलं. मग मला चेव आला. म्हटलं, थोरल्या, उद्यापासून तुम्ही कॉलरींवर — शिवायच्या नि गरम प्रेसखाली दाबायच्या. त्यांनी सुई फ्रॉकातच खोचली, बोटातली अंगुस्तानाची टोपी काढून खिडकीत ठेवलं आणि उठल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिवसाला चार कॉलरी व्हायच्या त्यांच्या. चार! नवी आलेली पोरगी वीस करते. आणि चारातल्या दोन वाकड्या, त्या मी उसवायच्या. म्हणजे एक फ्रॉक घालवून आठ कॉलरी, त्यातल्या चार कचऱ्यात — थू! मी आपली रोज अंगावर ओरडतेय, हात चालवा, हात चालवा. नवव्या दिवशी त्यांनी हात चालवला आणि गरम प्रेस खाली आली. अंगठा, नि शेजारचं बोट. उजव्या हाताचं.

सगळ्यांपुढे मी प्राध्यापकाचं नाव घेते. भिंत दाखवते, म्हणते शिकलेल्यांनी वाटोळं केलं आमचं. तुम्हालाही तेच सांगणार होते — पण बघा इथे, वरती, ही कमान जवळजवळ आडवी होते ना? इथे बोट ठेवून तो म्हणाला होता, "वहिनी, इथवर जाऊ नका. कुठल्याही कामात चालणारी माणसं आधी हलतात, म्हणून पहिले शर्ट स्वस्तात पडतात. शेवटी उरतं ते एकाच कामात मुरलेलं माणूस. त्याला हलवलंत तर शर्ट वाढायचे नाहीत, फ्रॉक मात्र जातील. थोरल्यांना उठवू नका." स्वच्छ सांगितलं होतं, नाव घेऊन. ऐकलं होतं मी. ऐकूनच तर उठवलं त्यांना —

थोरल्या वर राहतात आता, माडीवर. सकाळी त्यांच्या ब्लाउजची बटणं मी लावते. काजं माझीच, घट्ट असतात, वेळ लागतो. तेवढा वेळ त्या माझ्या तोंडाकडे बघतात.

हा घ्या तुमचा फ्रॉक. गळ्याशी अर्धी वेल झालीय, सुई तशीच आहे, मी काढलेली नाही, जपून धरा. नाही, मी नाही पुरी करणार. मला येत नाही ते, कधीच आलं नाही. आणि वर जाऊन भेटायचं काही नाही. निघा आता — नि खिडकीपुढून जरा बाजूला व्हा आधी. मी बसते तिथे. उजेड अडतोय माझा.