जावयाची फी

हुंडा? छे छे, काशिरामराव, हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारतसुद्धा नाही — बसा हो, उठताय कशाला, मुलीचं सासर बघायला आलात ना, मग नीट बघा — नवीन पनवेलात असं घर मिळणार नाही, गळत नाही अजिबात — म्हणजे या खोलीत गळत नाही. तुमची सोनम नेसत्या वस्त्रानिशी आली तरी चालेल. फक्त आमच्या भरतच्या शिक्षणाचं तेवढं बघा. मुलगा इंजिनीअर म्हणूनच पसंत केलात ना? मग इंजिनीअर काय फुकट होतो? बारावीला मार्क — आता मार्कांत काय असतं म्हणा — जरा कमी पडले, सरकारी कॉलेजांनी दारं लावली, म्हणून डोनेशनवाल्याकडे गेलो. डोनेशन नाही म्हणायचं हं, इमारत निधी! पोरं बसली पत्र्याच्या शेडमध्ये आणि इमारत उठली ती अध्यक्षांच्या बंगल्यावर — जाऊ द्या, शिक्षणमहर्षी माणूस, एका मजल्यात कसा मावणार? पतपेढीतून कर्ज काढलं, अजून फिटतंय. ते तुम्ही अंगावर घ्यायचं, बास.

हसू नका, मी विचार करून बोलतोय. पेपरात रोज रडगाणं — शिक्षण महागलं, पोरं कर्जात बुडाली, सरकारनं समिती नेमली. कशाला हवी समिती? ज्याला इंजिनीअर जावई हवा त्यानं इंजिनीअरची फी भरावी! भाजी घेताना पैसे देता की नाही? मग जावई काय भाजीपेक्षा गेला? उद्या सगळे सासरे शहाणे झाले तर देशात एक विद्यार्थी कर्जबाजारी राहायचा नाही. मी मंत्र्यांना कळवलंय तसं. नाही, उत्तर नाही आलं.

भरत? तो जासईला असतो, कंटेनर यार्डात. इंजिनीअरच तिथं — म्हणजे आलेले कंटेनर लिहून घेतो, पण नजर इंजिनीअरची. डिग्री हातात यायचीय अजून. दोन विषय राहिलेत. तीन. अहो, कॉलेजात शिकवायला मास्तर नव्हते त्याला पोरगं काय करणार? लग्न झालं की सुटतील विषय, जबाबदारी पडली की माणूस अभ्यास करतो.

ये गं, ठेव चहा. ही आमची माधुरी, भरतची मोठी बहीण. तळोज्याच्या कारखान्यात लॅबमध्ये आहे. डोकं विचाराल तर हिचंच — हिला मुंबईच्या सरकारी कॉलेजात नंबर लागला होता इंजिनीअरिंगला, फी म्हणाल तर अगदी किरकोळ. मीच नको म्हटलं. होस्टेल, मेस, आणि दोन वर्षांनी भरतला पैसे लागणार होते. इथंच बी.एस्सी. केलं तिनं, गुपचूप. एका शब्दानं बोलली नाही, रडली तेवढी. आज भरतचे हप्ते तीच भरते — ओव्हरटाइम करून भरते हो, माझ्या पेन्शनीत काय होतंय? जा गं तू आत.

काय म्हणता? तुमच्या गोरखसाठी? आमची माधुरी? अहो, गोरख म्हणजे तुमचा मुलगा, शाळेत मास्तर आहे तोच ना — आणि देणंघेणं? काही नको? नुसती मुलगी आणि नारळ? काशिरामराव, देवमाणूस आहात तुम्ही! मुलीच्या बापाला असं दारात येऊन कोण — थांबा. नोकरी करेल ना ती पुढं? करेल. आणि पगार? तिचा तिला? म्हणजे तुमच्या घरात. हं. नाही, म्हणजे मुलगा सोन्यासारखा आहे, प्रश्न तो नाही. पण एवढ्यात नाही जमायचं. वय? एकोणतिसावं लागलं, काय मोठं वय आहे? असं बघा, आधी तुमची सोनम इकडे येऊ दे, कर्जाचं तुम्ही मार्गी लावा, मग माधुरीचं बघू. नाही पटत? सोनमचं नाहीच म्हणता? मग तर बोलायलाच नको — उद्या ही गेली तर हप्ता कोण भरणार, तुम्ही? पोरगी उजवायची म्हणून मी काय रस्त्यावर —

माधुरी, तुला आत जा म्हटलं होतं ना? काय? काय म्हणालीस? गोरख पसंत आहे? तुला विचारलंय का कुणी?

काशिरामराव, तुम्ही निघा आता. चहा राहू दे.