अंगरख्याच्या बंदांची टोपणं

हे काय करून आनलंस? — न्हाई, आधी सांग, विशाखा, ही बंदाची टोपनं अशी चमकून कामून राहिलीत? लातूरच्या सोनाराकडून उजाळा देऊन आनला म्हने. कुनी सांगितलं होतं? शिवानीच्या गॅदरिंगला पायजे म्हनलीस, दिला. माझ्या आजेसासऱ्याचा अंगरखा हाय हा — छातीवर बांधायचे बंद, अन् बंदाचं सूत सुटू नये म्हनून टोकाला चांदीची टोपनं. पोरीनं घालावा, मिरवावं, कापड फाटलं असतं तरी मी शब्द काढला नसता. टोपनाला हात कामून लावलास?

मालूम हाय, मालूम हाय — मागून आनलेली चीज घासूनपुसून वापस करायची, मीच शिकवलं तुला. पन ते शेजारच्या घरचं, बाई. हे तुझं सासर हाय ना? का मी परकी झाले? — अन् वरून खूश होऊन सांगतीस, पोचे पडले होते, सोनारानं ठोकून नीट केले. पोचे? दात होते ते. माझ्या रविकिरणचे. अंगरखा उन्हात घातला की रांगत यायचा, बंद तोंडात घालायचा, सोडवायला गेलं की अजून करकचून चावायचा. मी ओरडायची त्याला. आता तो गेल्यापासून रोज पेटी उघडून अंगठा फिरवायची — हे वरचे, हे खालचे. तू बायको त्याची. तुझ्या मोबाइलमधी त्याचा आवाज हाय, लग्नाचा अल्बम हाय, त्याची पोरगी शिवानी हाय. सगळं टेम्पोत भरून लातूरला नेलंस, मी आडवी आले का? माझ्यापाशी एवढंच उरलं होतं. तेबी गुळगुळीत करून आनलंस.

रडू नको माझ्यापुढं. मला दया येऊन न्हाई राहिली तुझी. नवीन पोचे पाडून आनतीस का? मग? तुझी माफी घेऊन काय करू मी?

काय म्हनलीस? — कोन, शिवानी? तीबी चावती? रिबिनीचं टोक? शाळेतून येईपर्यंत भिजवून टाकती — अन् तू काय करतीस? खरं सांग. हातावर मारतीस.

पुन्हा हात लावायचा न्हाई तिला. ऐकलंस का? रिबिन फाटली तर फाटू दे. ऊठ, चपला घाल, औशाच्या स्टँडवर बस मिळंल तुला. अन् तिला संगं आनल्याबिगर माझ्या दारात यायचं न्हाई.