आल्यावर गाळू

भामाबाई : त्या बरनीला हात लावू नगंस, अनघा. तिची दुसरी कायबी चीजवस्तू दुकानासाठी ने. बरनी ऱ्हाऊ दे.

अनघा : मावशी, न्यायला नाही आले मी. गाळायला आलेय. इथंच, तुमच्या ओट्यावर, तुमच्या डोळ्यांसमोर.

भामाबाई : गाळायचं न्हाई. चैताली सांगून गेलीय. ‘आई, रोज सकाळी हलवत जा, मी आल्यावर गाळू.’ पुन्याच्या दवाखान्यात नेली तिला, तवा गाडीत बसल्यावर काच खाली करून बोलली.

अनघा : मला ठाऊक आहे.

भामाबाई : मग?

गोरख : मग काय. गेल्या पंधरवड्यात वरीस घातलं आपन लेकीचं. समदा गाव जेवून गेला. ही पोरगी वाढायला व्हती. आन् तिलाच इचारतीयास, मग?

भामाबाई : तुमी मदी पडू नका. च्या घ्या.

गोरख : घेतोय की. मी कुटं पडलो, बसलोय.

अनघा : मावशी, असं अत्तर महिना-दीड महिना भिजवतात, मग गाळतात. त्याच्यापुढं लवंग कडू होत जाते. आणि ते तेलात आहे, तेलाला वास लागतो. तिच्या हातचं शेवटचं आहे हे. आमच्या दुकानात तिची एक बाटली राहिलेली नाही आता.

भामाबाई : तू कर की नवीन. दोगींचं दुकान हाय.

अनघा : बाटल्या भरायचे मी, लेबलं लावायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे. प्रमाण तिच्या नाकात होतं. कुठं लिहून ठेवलं नाही. म्हणायची, लिहिलं की मेलं. ही बरणी उघडली, नीट हुंगली, तर मला तसंच परत करता येईल. तिच्या नावानं.

गोरख : काय काय घातलंय, ते मी सांगतो. लवंग-मिरी केरळातनं मागवलेली, बिनखताची. दालचिनी. सोमाटन्याच्या वखारीतनं देवदाराच्या ढलप्या मीच आनून दिल्या. आन् आपल्या भातखाचराच्या बांधावरचा नागरमोथा.

भामाबाई : मोथा. जल्मभर खुरपून खुरपून पाठ मोडली माजी त्याच्यापायी. आन् ही म्हनती, आई, तो टाकू नको, त्याचं अत्तर हुतं. मी म्हनलं, गवताचं अत्तर लावून कोन लगीन करील तुज्याशी?

अनघा : मुंबईची माणसं हुंगून डोळे मिटायची, मावशी. जंगलात गेल्यासारखं वाटतं म्हणायची.

भामाबाई : खाचरात गेल्यासारखं म्हना की.

गोरख : त्या बांधाला युरिया टाकू देत न्हवती. अजून न्हाई टाकला. मोथा गुडघ्याएवढा झालाय. लोक हसत्यात, गोरख गवत पिकवतो म्हनून.

अनघा : तो मोथा आहे ना आबा अजून, तर मग जमेल. फक्त मला वास कळायला हवा.

भामाबाई : गाळलं म्हंजी ती येनार न्हाई, आसं झालं.

गोरख : आगं, न्हाई गाळलं तर यील का?

भामाबाई : आन ती हिकडं. फडताळात मागं हाय. थांब, आदी वाईच हलवू दे. तू येनार म्हनून सकाळी हात लावला न्हाई.

गोरख : मी हलवलीय.

भामाबाई : तुमी? कवा?

गोरख : रोजच हलवतो. तू धारा काढायला गोठ्यात गेलीस का.

भामाबाई : म्हंजी मीबी हलवती आन् तुमीबी हलवता? तरीच लवंगांचा पार भुगा झाला. वरीसभर बोलला न्हाईत.

गोरख : तू तरी कुटं बोललीस.

भामाबाई : उघड, अनघा. माज्या हातानं झाकन निघायचं न्हाई.

(झाकण निघतं. अनघा बरणी नाकाशी धरून हुंगते.)

अनघा : मावशी, ह्यात नंतर काही घातलं का?

भामाबाई : काय घालनार? तेल तेवढं. तेल खाली गेलतं, ढलप्यांनी पिऊन घेतलं. वरच्या लवंगा उघड्या पडल्या. लोनच्यावर तेल न्हाई ऱ्हायलं का बुरा चढतो, मला काय कळत न्हाई व्हय?

अनघा : कुठलं तेल?

भामाबाई : घान्याचं शेंगतेल, घरचं. कच्चं न्हाई हां. तापवून, गार करून घातलं. पुन्यांदा खाली गेलं तवा पुन्यांदा घातलं.

अनघा : बरं.

भामाबाई : बरं काय? माज्याकडं बघ. बिघडलं का?

अनघा : मावशी…

भामाबाई : खरं सांग. लाडं लाडं बोलू नगंस.

अनघा : हो. बिघडलं.

गोरख : कसला वास येतो?

अनघा : आधी लवंग येते. मोथा येतो, पण लांबून. आणि सगळ्यांवर… फोडणी.

भामाबाई : अगं बाई.

अनघा : तुम्ही जपायलाच गेलात, मावशी.

भामाबाई : फोडनीपायीच तर तिनं ह्यो उद्योग मांडला. तुला म्हाईत हाय ना? लोनावळ्याच्या कॉलेजात पोरी चिडवायच्या, ‘चैताली आली, चला जेवू’. मी मोहरी टाकली का ही धावत जाऊन खोलीचं दार लावायची. कापडं मागच्या पडवीत वाळत घालायची, सैपाकघरापास्नं लांब. म्हनायची, आई, तुजा वास माज्या अंगाला चिकटतो. आन् तिच्या शेवटच्या बरनीत म्या फोडनीच वतली.

गोरख : ती आस्ती तर भांडली आस्ती.

भामाबाई : लय भांडली आस्ती. रात्री जेवली नसती.

गोरख : मग मी दुकानातनं चिक्की आनली आस्ती. ती खाल्ली आस्ती.

भामाबाई : भांडू दे की. यावं आन् भांडावं.

गोरख : अनघा, मला येक सांग. दुकानातली बाकीची अत्तरं कशात करता तुमी?

अनघा : स्पिरिटमध्ये.

गोरख : मग हेच तेलात का?

अनघा : घरी करायचं होतं म्हणून. घरात स्पिरिटची बाटली नको म्हणाली.

गोरख : का नको?

भामाबाई : आता जुनं उकरून काडू नका.

गोरख : माज्यामुळं नको. दारू सोडून लय वर्सं झाली, पर लेकीला भरवसा न्हवता. तिचं बराबर व्हतं. स्पिरिटात आस्तं तर टिकलं आस्तं का?

अनघा : टिकलं असतं, आबा. त्यात कुणी फोडणीचं तेलही घातलं नसतं.

गोरख : ऐकलंस? मग येकलीच्या अंगावर घेऊ नगंस. दोगांनी मिळून बिघडवलं.

भामाबाई : फडकं कुटलं आनलंस, अनघा?

अनघा : मलमलचं. धुऊन, वाळवून आणलंय.

भामाबाई : धर मग. मी वतती. तू कडा घट्ट धर, तिला सांडलेलं आवडत न्हाई.

अनघा : आता पिळू का?

भामाबाई : पिळू नगंस. गढूळ हुतं. ठिबकू दे. ती म्हनायची, घाई न्हाई करायची.

गोरख : येवढंच निघालं?

अनघा : एवढंच. ढलप्यांनी बाकीचं ठेवून घेतलं.

भामाबाई : लाव की मला वाईच. मनगटाला. कसं लावायची ती, तसं.

अनघा : असं. चोळायचं नाही, नुसतं टेकवायचं.

भामाबाई : हं. फोडनीच हाय.

गोरख : बघू. …हं. पर मोथा हाय मागं. खाचरातला. कळतोय.

अनघा : मलाही कळतोय. बघते मी, आबा. तेवढ्यावरनं जमतंय का ते. मोथा काढून ठेवाल?

गोरख : काढतो की. चोथा हिकडं दे, बांधाला घालतो.

अनघा : आणि बरणी? घासून देऊ? दुकानात चालेल ती मला.

भामाबाई : न्हाई. हुती तितंच ठेव, फडताळात.

अनघा : रिकामी?

भामाबाई : सकाळी उठलं का हात तितंच जातो माजा.