मालकाचंच बुकिंग रद्द

आता हसू येतं, पण त्या दिवशी आपली नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो. फर्दापूरच्या एका हॉटेलचं काम आमच्या सॉफ्टवेअर कंपनीकडं होतं. पाहुण्यांच्या यादीतल्या साठ नंबरांवर ‘तुमचं बुकिंग पक्कं आहे’ असा मेसेज पाठवायचा होता. मी दहा ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिली, चालवली अन् मग बघतो तर आत मजकूर जुनाच राहिलेला: ‘तुमचं बुकिंग रद्द झालं आहे.’ अन् साठच्या साठ मेसेज गेलेले!

शेजारच्या टेबलावरच्या रुबीनानं कोड बघितला अन् ती हसायलाच लागली.

“येड्या, मेसेज पाठवणारा लूप साठदा फिरला, पण नंबर तू दरवेळी यादीतला पहिलाच घेतलाय. सगळे मेसेज एकालाच गेलेत. दोन चुका केल्यास म्हणून वाचलास. एकच केली असतीस तर मेला असतास!”

“पण तो पहिला नंबर कुणाचा?”

तेवढ्यात फोन वाजला. हॉटेलचे मालक, अय्यूबचाचा. पाहुण्यांना काय जातंय ते आपल्यालाही कळावं, म्हणून प्रत्येक यादीत सगळ्यात वर स्वतःचा नंबर टाकायची त्यांना सवय.

“बेटा,” चाचा लई शांतपणे म्हणाले, “हॉटेल माझंच हाय. मला किती वेळा बाहेर काढशील?”