सुजाताची कोरी भिंत

आदरणीय भन्तेजी, विहार कमिटीची मंडळी, शाळेतल्या बाई आणि सर, लांबून आलेले नातेवाईक, शेजारीपाजारी. सगळ्यांना जय भीम.

मी सुजाताचा नवरा. नवऱ्याने अशा सभेत पुढच्या खुर्चीवर गप्प बसायचं असतं, तसं मला सांगितलंही होतं. पण आतापर्यंत जे बोलले त्यांनी तिला फार गोड करून ठेवलं. शांत होती, समाधानी होती, हसतमुखाने गेली. नाही हो. हसतमुखाने नाही गेली. चिडून गेली. आणि मीही चिडलेलोच आहे, म्हणून उभा राहिलो.

या विहारात दाराच्या वर ती मोठी भिंत आहे ना, ती सुजाताची. बऱ्याच जणांना वाटतं तिथे रंग द्यायचा राहून गेला. राहून गेला नाही. तिने तो दिला नाही. याच्यावरून तिला काय काय ऐकावं लागलं ते इथे बसलेल्यांना माहीत आहे.

सुजाता शाळेत चित्रकला शिकवायची. रिटायर झाली आणि एका ग्रुपबरोबर थायलंडला गेलेली, बुद्धविहारं बघायला. मला वाटलं, वंदन करेल, एखादा पंखा घेऊन येईल, संपलं. तर ही एका जुन्या विहारात भिंतीसमोर फतकल मारून बसली. बाहेर बस हॉर्न वाजवतेय, बाई उठायला तयार नाही. मग पुन्हा गेली. पुन्हा गेली. तिथे एक म्हातारे भित्तिचित्रकार होते, त्यांच्याकडे शिकायला राहिली. मी म्हणालो, अगं, फोटो बघून घरीच काढ की. तर म्हणाली, "फोटोत नुसतं चित्र दिसतं हो, भिंत दिसत नाही."

तिथे एक रीत आहे. मूर्तीच्या समोर, दाराच्या वर, मोहात पाडणाऱ्या माराची सेना काढतात. बुद्धाला आसनावरून उठवायला चाल करून आलेली. आणि त्या सेनेत कोण असतं? टोपीवाले गोरे शिपाई. बंदुका घेतलेले. चिनी असतात, दाढीवाले व्यापारी असतात. जे कोणी त्यांच्या बंदरावर उतरलं, त्याला चित्रकाराने भिंतीवर घेतलं. सुजाता म्हणायची, त्यांनी त्यांच्या दारातली माणसं काढली, मी आपल्या कळव्याची काढते.

कमिटीत केवढा वाद झाला. आपल्या विहारात परदेशी पद्धतीचं चित्र कशाला? मग तिने बँकॉकच्या राजवाड्याचा फोटो आणून टेबलावर ठेवला. खांब, कमानी, जिने सगळं युरोपचं, आखणारा गोरा. आणि वर छप्पर तिथलं, निमुळते सोनेरी कळस. सूटबूट घालून डोक्यावर मुकुट चढवल्यासारखा तो महाल. तिने विचारलं, "राजाला चाललं, तुम्हाला का चालत नाही?" अध्यक्षसाहेब, तेव्हा तुम्हीच सगळ्यात आधी हसलात. आणि परवानगी दिलीत. ते मी विसरलेलो नाही.

मग सगळ्यांना चित्रात यायचं होतं. पण बुद्धाला हात जोडणाऱ्या देवांच्या रांगेत. माराच्या सेनेत जायला कोणी तयार नाही. शेवटी आपले दगडूमामा, ते मागे बसलेत, ते बोलले, "मला घाल माराकडं. जन्मभर दारू ढोसली, मी काय देवात शोभनार हाय?" सुजाताने त्यांना समोर बसवून त्यांचं रेखाटन केलं. फार जीव लावून केलं.

इथपर्यंत सगळं छान होतं. पुढे भिंत आडवी आली.

त्या म्हाताऱ्या गुरूंनी तिला शिकवलेलं, भिंतीत खार असेल तर रंग लावायचा नाही. काशिदाच्या झाडाचा पाला कुटायचा, पाण्यात भिजवायचा, त्या पाण्याने भिंत धुवायची. मग हळदीचं बोट लावून बघायचं. पिवळं राहिलं तर भिंत तयार. लाल झालं तर परत धुवा. हळदीला चुना लागला की काय होतं ते इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. काशीद आपल्याकडे रस्त्याकडेला आहे. मी कोलशेतला कारखान्यात होतो, तिकडून स्कूटरवर पोती भरभरून पाला आणायचो. ती आणि तिच्या मैत्रिणी भिंत धुवायच्या. तिथल्या भिंती काही दिवसांत तयार व्हायच्या म्हणे. आपली सिमेंटची, आणि खाली खाडी. पावसाळा आला की ओल वर चढायची, आणि हळद लाल. वाळली म्हणावं तर पुढचा पावसाळा. परत लाल. लोक तिला "भिंत धुणाऱ्या बाई" म्हणायला लागले. मीही घरात चेष्टेने म्हणायचो. ती हसायची.

मग तिच्या किडन्या गेल्या.

डायलिसिसहून यायची, पलंगावर पडायची आणि पहिलं विचारायची, हळद लावलीत का? मी तिला हात जोडले. खरंच जोडले. म्हटलं, "सुजाता, काढ ना गं आता. जेवढं होईल तेवढं काढ. पोपडे निघाले तर निघाले. तुला बघायला तर मिळेल."

ती म्हणाली, "मला मिळेल हो. पण मी गेल्यावर सगळं गळायला लागेल. दगडूमामांचं तोंड गळून पडेल. मामांनी रोज दारातून आत येताना ते बघायचं?"

आता सांगा, याला काय म्हणायचं? बाई स्वतः मरायला टेकली आहे आणि भिंतीची तब्येत विचारते आहे. तुम्ही म्हणाल, किती निष्ठा. मला राग येतो. आत्ता बोलतानासुद्धा येतो. तिने माझं ऐकलं असतं तर आज इथे निदान निम्मं चित्र असतं. पोपडे धरलेलं असतं, पण तिच्या हातचं असतं. हात ठेवायला मला काहीतरी असतं.

शेवटी दवाखान्यात तिने विचारलं, "लावलीत?" म्हटलं, लावली. "आणि?" मी म्हणालो, लाल. खोटं बोलता आलं असतं. पण तिने माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं असतं. तिने कूस बदलली. त्यानंतर ती माझ्याशी नीट बोललीच नाही. बोलायची ताकद नव्हती, की इच्छा नव्हती, ते मला आता कोण सांगणार?

तिच्या नावाचा जलदान विधी झाल्यावर मी इथे आलेलो, तिच्या बादल्या न्यायला. नेहमीप्रमाणे बोट लावलं. थांबलो. पिवळं. दुसऱ्या कोपऱ्यात लावलं. पिवळं. स्टूल घेऊन वर लावलं. पिवळं. स्टुलावरून उतरलो आणि इथेच फरशीवर बसून राहिलो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आज सांगतोय. भिंत तयार आहे.

अध्यक्षसाहेब, तुम्ही परवा घरी आलात. प्रेमाने म्हणालात, थायलंडच्या एखाद्या चित्राचा मोठा फ्लेक्स करू, खाली ताईंचं नाव टाकू. तुमचं मन चांगलं आहे. पण नको. फ्लेक्सला भिंत लागत नाही, चार खिळे लागतात. एवढंच करायचं होतं तर माझ्या बायकोने हे सगळं कशासाठी केलं?

मला चित्र काढता येत नाही. साधी सरळ रेघ येत नाही. पण पुढचा थर मला येतो, तिने करून घेतलाय माझ्याकडून. चिंचोके भाजायचे, साल काढायची, शिजवून खळ करायची, खडूच्या भुकटीत कालवून भिंतीवर चढवायची. तो थर मी देणार. त्याच्यावर कोण काढेल, कधी काढेल, मला माहीत नाही. माझ्या हयातीत कोणी येईलच असंही नाही. मघाशी दारात दगडूमामांनी माझा हात धरला आणि विचारलं, "आता माजं कसं?"

माझं एकच मागणं आहे. तोपर्यंत त्या भिंतीवर काही लावू नका. फोटो नको, घड्याळ नको, देणगीदारांची पाटी नको. लोक विचारतील, ही अशी रिकामी का? तर सांगा त्यांना.

आता उठूया. तिच्या फोटोकडे सकाळपासून बघतोच आहोत. फोटोला आता पाठ झाली तरी चालेल. सगळे मागे वळा. म्हाताऱ्यांना जरा हात द्या. वळलात? बघा वर. काही शोधू नका, काही नाही तिथे. ती असती तर असतं. तेवढंच बघत, थोडा वेळ शांत उभे राहूया.