सौंसरात पैदल फिरणं

मले पैदल फिरायले नका सांगू बाप्पा, सौंसर गावात ते जमत नाही. आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात पहिला कंप्यूटर आला, तो माह्याच गळ्यात पडला. दिवसभर त्याच्यापुढं बसून बसून कंबर धरली. डॉक्टर म्हणे, "गोळ्या काही नाही. सकाळी रामाकोन्याच्या रस्त्यानं पैदल जात जा."

निघालो. गावाबाहेर एका बंडीवाल्यानं बैल थांबवले. "भाऊ, पैदल काहून? बसा!"

"नाही गा, फिरून राहिलो."

"बिनाकामाचं कोणी फिरते काय? घरी भांडण झालं का?"

दुपारी जेवायले घरी गेलो, तर बायको तणतणून राहिली. "नळावर साऱ्या बाया मले विचारून राहिल्या, नवरा घर सोडून कुठी चालला होता म्हणून! उद्यापासून कोणी बस म्हटलं, का चुपचाप बसत जा!"

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर मांगून एक स्कूटर येऊन थांबली. पाहतो तं डॉक्टर!

"बसा मांगं, सोडून देतो."

"डॉक्टरसाहेब, पैदल जायले तुमीच तं सांगतलं!"

"हो, पण आता मी तिकडंच जाऊन राहिलो ना!"

डॉक्टरचं कसं मोडावं? बसलो.